वाचक विचारतात : घरातला दुसरा संगणक जोडला जात नाही तेव्हा

एका संगणकासमोर बसून दुसऱ्या संगणकाची स्क्रीन उघडायची आणि तिथले काम इथून करायचे, ही सोय विंडोजमध्ये 'रिमोट डेस्कटॉप' या नावाने मिळते. मागील अंकात तिची ओळख करून दिल्यापासून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांत 'जोडले जात नाही' एवढेच लिहिलेले आहे. सर्व वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की स्क्रीनवर उमटलेला संदेश अक्षरशः उतरवून पाठवावा, कारण निदानाचे निम्मे काम त्या संदेशानेच झालेले असते. 'संगणक सापडत नाही' असे लिहून आले, तर नाव किंवा पत्ता चुकलेला असतो. 'जोडता येत नाही' असे सांगून खाली तीन संभाव्य कारणे दिलेली असली, तर पत्ता कळलेला असतो, पण तिथून कोणी उत्तर दिलेले नसते. 'आपली ओळख पटली नाही' अशा अर्थाचा संदेश आला, तर आपण थेट दारापर्यंत पोहोचलेले असतो आणि फक्त आत घेतले जात नाही. तीन संदेश म्हणजे तीन निरनिराळ्या जागा आहेत, आणि चुकीच्या जागी कितीही शोधले तरी हाती काही लागत नाही.

पुढील उत्तरांत, ज्याच्यावर काम करायचे आहे त्या संगणकाला मी 'यजमान' म्हटले आहे. येथे देवनागरीत छापलेल्या आज्ञा आणि आकडे संगणकावर इंग्रजी लिपीतच टंकावेत.

प्रश्न : माझा डेस्कटॉप माडीवर आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मला वारंवार जिना चढता येत नाही, म्हणून मुलाने दिलेल्या लॅपटॉपवरून खालीच बसून माडीवरच्या संगणकावर काम करावे असा विचार आहे. आपण सांगितलेली रिमोट डेस्कटॉप चालू करण्याची कळ मात्र मला डेस्कटॉपवर सापडत नाही. दोन्हीकडे विंडोज ११ आहे. (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टीम' आणि त्याखाली 'अबाउट' उघडून विंडोजची आवृत्ती पाहावी. तिथे 'होम' असे लिहिलेले असेल, तर तो संगणक रिमोट डेस्कटॉपचा यजमान होऊच शकत नाही. मायक्रोसॉफ्टने ही सोय 'प्रो', 'एंटरप्राइज' आणि 'एज्युकेशन' या आवृत्त्यांपुरतीच ठेवली आहे. होम आवृत्तीच्या संगणकावरून दुसऱ्या संगणकाशी जोडून घेता येते, पण तिच्याशी कोणाला जोडून घेता येत नाही. दुकानातून घेतलेल्या घरगुती संगणकांवर बहुधा होमच असते, त्यामुळे या एका कारणाने अडलेली पत्रे माझ्याकडे सर्वांत जास्त आहेत.

आपल्यापुढे दोन सरळ मार्ग आहेत. पहिला म्हणजे माडीवरच्या संगणकासाठी प्रो आवृत्तीचा परवाना घेणे. त्यासाठी संगणक पुसून नव्याने विंडोज घालावी लागत नाही, परवाना घेतल्यावर तीच विंडोज प्रो होते आणि फायली जागच्या जागी राहतात. दुसरा मार्ग खर्चाचा नाही आणि आपल्या गरजेला तो पुरेल असे मला वाटते : गूगलचा याच कामाचा 'क्रोम रिमोट डेस्कटॉप'. तो होम आवृत्तीवर चालतो. दोन्ही संगणकांवर क्रोममध्ये एकाच गूगल खात्याने प्रवेश करावा, माडीवरच्या संगणकावर तो बसवून किमान सहा आकड्यांचा पिन ठरवून द्यावा, म्हणजे खालच्या लॅपटॉपवर त्या संगणकाचे नाव दिसू लागते.

होम आवृत्तीतच दडलेली सोय उघडून देतो असे सांगणारे 'पॅच' इंटरनेटवर फिरत असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. ते परवान्याच्या अटी मोडतात आणि विंडोजच्या पुढच्या अपडेटनंतर अनेकदा बंद पडतात. शिवाय अनोळखी हातांनी लिहिलेला कार्यक्रम आपण नेमका संगणकाच्या दारावर पहारेकरी म्हणून बसवतो, हे मला सर्वांत काळजीचे वाटते.

प्रश्न : आमच्या घरी दोन्ही संगणकांवर विंडोज ११ प्रो आहे. गेले वर्षभर हॉलमधल्या लॅपटॉपवरून अभ्यासिकेतला संगणक व्यवस्थित उघडत असे. पंधरा दिवसांपासून कधी उघडतो, कधी नाही. संदेशात तीन कारणे येतात : दूरस्थ प्रवेश चालू नाही, संगणक बंद आहे, किंवा तो नेटवर्कवर उपलब्ध नाही. मी तिन्ही तपासली. पिंग करून पाहिले तर उत्तर येत नाही. (कोथरूड, पुणे)

उत्तर : 'कधी उघडतो, कधी नाही' हे आपण लिहिलेत ते फार उपयोगी पडले. एखादी कळ बंद राहिली असती तर संगणक कधीच उघडला नसता. म्हणजे काहीतरी बदलते आहे, आणि घरात बदलणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात.

आधी पिंगविषयी. पिंग म्हणजे 'तिथे कोणी आहे का' अशी नेटवर्कवरून मारलेली हाक. विंडोजची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सोय, पिंगला सहसा उत्तरच देत नाही. त्यामुळे पिंगला उत्तर आले नाही, यावरून यजमान बंद आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. पिंगऐवजी नेमके दार ठोठवावे. लॅपटॉपवर पॉवरशेल उघडून 'टीएनसी', त्यानंतर एक जागा सोडून यजमानाचा पत्ता, पुन्हा जागा सोडून '-पोर्ट ३३८९' असे टंकावे. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपच्या दाराचा, म्हणजे पोर्टचा, क्रमांक आहे. उत्तरातील 'टीसीपी-टेस्ट-सक्सीडेड' या शेवटच्या ओळीत 'ट्रू' आले, तर यजमान जागा आहे, दार उघडे आहे आणि दोष पुढे कुठेतरी आहे. 'फॉल्स' आले तर दोष वाटेतच आहे. ही एक ओळ मी स्वतः नेहमी सर्वांत आधी चालवून पाहतो.

'फॉल्स' आले, तर अभ्यासिकेत जाऊन पाहावे. माऊस हलवल्यावर स्क्रीन जागी होत असेल आणि त्यानंतर लॅपटॉपवरून जोडणी होत असेल, तर यजमान झोपी जात होता. स्लीपमध्ये गेलेला संगणक दाराशी येत नाही. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्क्रीन बंद होण्याची वेळ आणि संगणक झोपण्याची वेळ वेगवेगळ्या असतात. स्क्रीन खुशाल पाच मिनिटांत बंद होऊ द्यावी, झोपेची वेळ तेवढी 'नेव्हर' करावी. वीज वाचवण्यासाठी संगणक झोपू द्यायचाच असेल, तर 'वेक ऑन लॅन' नावाची सोय आहे. तिच्यात यजमानाच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) सोळा वेळा लिहिलेले छोटे पाकीट घरच्या नेटवर्कवर सोडले जाते आणि ते ओळखून कार्ड संगणकाला उठवते. मात्र ती सोय केबलने जोडलेल्या संगणकावरच भरवशाची ठरते, वायफायवर तिच्यावर विसंबू नये.

संगणक जागा असूनही 'फॉल्स' येत असेल तर पत्ता पाहावा. यजमानावर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी आणि आयपीव्ही४ पत्ता (नेटवर्कवर संगणक ज्या आकड्यांनी ओळखला जातो तो) कागदावर लिहून घ्यावा. राउटर हे पत्ते कायमचे देत नाही, ठरावीक मुदतीने वाटतो. वीज जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला, घरात नवा टीव्ही जोडला गेला, की काल १९२.१६८.१.३५ असलेला संगणक आज १९२.१६८.१.३८ झालेला असू शकतो. वर्षभर जपून ठेवलेला पत्ता अचानक निकामी होतो तो असा. राउटरच्या पानावर त्या संगणकाचा मॅक पत्ता नोंदवून एक आयपी पत्ता त्याच्यासाठी राखून ठेवता येतो. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि पुढचा बराच त्रास त्याने वाचतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर यजमानाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, तेव्हा केबल किंवा वायफाय आधी पाहावे.

आता ज्या कारणाचा मला आपल्या बाबतीत सर्वांत जास्त संशय येतो, ते सांगतो. माझ्या घरी हेच घडले होते. आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नव्हते, म्हणून इंटरनेट जोडून देणाऱ्या कंपनीच्या माणसाने तिथे दुसरा राउटर बसवून दिला. इंटरनेट सगळीकडे उत्तम चालू लागले. पण माझा डेस्कटॉप आतल्या खोलीत, आणि मी हॉलमधून जोडायला गेलो की संगणक सापडेना. तोच लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत नेला की लगेच जोडणी व्हायची. पुन्हा हॉलमध्ये आलो की बंद. दोन संध्याकाळी मी फायरवॉलची पाने उलटत राहिलो. शेवटी दोन्ही संगणकांवर 'आयपीकॉन्फिग' चालवून दोन पत्ते शेजारी शेजारी लिहिले, तेव्हा उलगडा झाला : लॅपटॉप १९२.१६८.१.२४, आणि डेस्कटॉप १९२.१६८.०.१०३. तिसरा आकडा वेगळा होता. एकाच घरात दोन वेगवेगळी नेटवर्क झाली होती आणि आतले नेटवर्क बाहेरच्या नेटवर्कच्या पोटात बसले होते. आतल्या नेटवर्कमधून बाहेर येता येते, कारण आतल्या राउटरच्या दृष्टीने ते इंटरनेटवर जाण्यासारखेच असते. बाहेरून आत मात्र जाता येत नाही. वायफायचे नाव दोन्हीकडे एकच ठेवलेले असल्याने लॅपटॉप केव्हा कोणत्या राउटरला चिकटला आहे, हे वरून कळायलाही मार्ग नव्हता. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो 'ॲक्सेस पॉइंट' पद्धतीवर ठेवला आणि दोन्ही संगणक एका नेटवर्कवर आले. मेश प्रकारच्या, म्हणजे अनेक यंत्रे मिळून घरभर एकच वायफाय पुरवणाऱ्या, राउटरमध्ये याच पर्यायाला 'ब्रिज मोड' म्हटलेले आढळते.

आपल्या घरी पंधरा दिवसांपूर्वी नवा राउटर किंवा वायफायचा पल्ला वाढवणारे यंत्र आले आहे का, हे आठवून पाहावे. आले असेल तर आधी दोन्ही पत्ते शेजारी लिहावेत.

पत्ते एकाच रांगेतले निघाले, तर लॅपटॉप 'गेस्ट' वायफायवर तर नाही ना, हे पाहावे, कारण पाहुण्यांसाठीचे नेटवर्क घरातल्या यंत्रांपासून मुद्दाम तोडलेले असते. ऑफिसचा व्हीपीएन (ऑफिसच्या जाळ्याशी जोडणारी खासगी वाट) चालू असताना घरातला संगणक दिसत नाही, हेही पुष्कळदा घडते. घरून नोकरी करणाऱ्यांना 'सकाळी चालत नाही, रात्री चालते' असा अनुभव येतो तो त्यामुळेच. राउटर बदलल्यावर विंडोज त्याला अनोळखी नेटवर्क समजते आणि 'पब्लिक' प्रकारात टाकते. तसे झाले की यजमान नावाने सापडेनासा होतो, आणि काही अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवू लागते. घरच्या नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' करून पाहावा. फायरवॉल पूर्ण बंद करून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

प्रश्न : मी रोज ज्या पिनने संगणक उघडते, तोच पिन रिमोट डेस्कटॉपमध्ये टाकते, तरी ओळख पटली नाही असा संदेश येतो. पिन शंभर टक्के बरोबर आहे. (गृहिणी व लघुउद्योजिका, नाशिक)

उत्तर : आपला पिन बरोबर आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण पिन हा पासवर्ड नाही. विंडोजचा पिन त्या एका यंत्राशी बांधलेला असतो आणि त्या यंत्रासमोर बसलेल्या माणसासाठीच असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा मूळ पासवर्डच द्यावा लागतो. मायक्रोसॉफ्ट खाते असेल, तर वापरकर्त्याच्या नावाच्या जागी 'मायक्रोसॉफ्टअकाउंट' हा शब्द इंग्रजीत सलग लिहून, पुढे उलटी तिरपी रेघ देऊन, त्यापुढे आपला पूर्ण ईमेल लिहावा आणि खाली त्या ईमेल खात्याचा पासवर्ड द्यावा.

एवढे करूनही अडले तर कारण आणखी खोल असते. संगणक घेतल्यापासून आपण केवळ पिनच वापरत आला असाल, तर त्या यंत्राने आपला पासवर्ड कधी पाहिलेलाच नसतो आणि तो पडताळायला त्याच्याजवळ काही नसते. 'साइन-इन ऑप्शन्स'मध्ये या यंत्रावर मायक्रोसॉफ्ट खात्यांसाठी फक्त विंडोज हॅलोनेच (पिन, चेहरा किंवा बोटाच्या ठशाने) प्रवेश द्यावा अशा अर्थाची एक कळ आहे, ती बंद करावी. मग साइन आउट करून, प्रवेशाच्या स्क्रीनवर पिनऐवजी पासवर्डचा पर्याय निवडून एकदा पासवर्डने आत यावे. त्यानंतर रिमोट डेस्कटॉप तोच पासवर्ड स्वीकारतो. पुढे रोज पिन वापरायला काही हरकत नाही.

ज्यांच्या संगणकावर स्थानिक खाते आहे आणि त्याला पासवर्डच ठेवलेला नाही, त्यांनी आधी पासवर्ड ठेवावा. रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. आईवडील कोल्हापूरला आहेत. घरच्या विंडोज १० प्रो संगणकावर माझी जुनी कागदपत्रे आणि हिशेब आहेत, शिवाय वडिलांना काही अडले तर मीच मदत करतो. गेल्या सुट्टीत राउटरवर ३३८९ पोर्ट फॉरवर्ड करून आलो, तरी इथून जोडणी होत नाही. राउटरच्या पानावर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसतो. (म्युनिक)

उत्तर : जोडणी झाली नाही याचा मला खरोखर आनंद वाटतो. आपण राउटरवर केलेली ती पोर्ट फॉरवर्डची नोंद, म्हणजे बाहेरून ३३८९ वर येणाऱ्याला थेट घरच्या संगणकाकडे पाठवण्याची सूचना, आज वडिलांकडून किंवा ओळखीच्या जाणकाराकडून काढून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आधी ती का चालली नाही ते पाहू. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि वाटपाचा मध्यवर्ती साठा २०११ मध्येच संपला. त्यामुळे इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरायला देतात आणि आपल्या जाळ्याच्या आत वेगळे पत्ते वाटतात. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची रांग २०१२ मध्ये या कामासाठीच राखली गेली. आपल्या राउटरवर या रांगेतला पत्ता असेल, तर बाहेरचे जग आपल्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही, ते कंपनीच्या यंत्रापाशी थांबते. आपण आपल्या फ्लॅटचे दार उघडून ठेवले होते, पण सोसायटीचे फाटक बंद होते आणि त्याची किल्ली आपल्याकडे नाही.

हे फाटक उघडे असते तर काय झाले असते? इंटरनेटवर उघडे ३३८९ हुडकत फिरणारे स्वयंचलित कार्यक्रम अहोरात्र चालू असतात. ते सापडताच पासवर्डमागून पासवर्ड लावून पाहतात. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांचा हा जुना आणि आवडता रस्ता आहे. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपच्या जुन्या आवृत्त्यांत 'ब्लूकीप' हा दोष उघड झाला, त्यात तर पासवर्डचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टला तो इतका गंभीर वाटला की २०१४ मध्येच पाठिंबा थांबवलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा त्यांनी दुरुस्ती काढली. पोर्टचा क्रमांक बदलून ठेवला की धोका टळतो असे पुष्कळ जण सांगतात. तो टळत नाही, शोधणाऱ्याला थोडा वेळ जास्त लागतो इतकेच. आपल्या यजमानावर विंडोज १० आहे आणि तिचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही लक्षात घ्यावे. संगणक पेलत असेल तर विंडोज ११ घ्यावी.

योग्य मार्ग म्हणजे दोन्ही संगणकांना एका खासगी जाळ्यात आणणे आणि रिमोट डेस्कटॉप त्या जाळ्याच्या आतूनच चालवणे. घरगुती वापरासाठी 'टेलस्केल' मला सर्वांत सुटसुटीत वाटते. ते व्यक्तिगत वापरासाठी विनामूल्य मिळते, राउटरला हात लावावा लागत नाही आणि कंपनीने पत्ता कसाही दिलेला असला तरी चालते. दोन्ही संगणकांवर बसवून एकाच खात्याने प्रवेश केला की प्रत्येकाला एक वेगळा पत्ता मिळतो आणि तो रिमोट डेस्कटॉपमध्ये टाकायचा असतो. हाही पत्ता १०० नेच सुरू होतो, त्याची राउटरवरच्या पत्त्याशी गल्लत करू नये.

परदेशातून वापरणाऱ्यांची अडचण बहुधा पहिल्या दिवशी येत नाही, काही महिन्यांनी येते, म्हणून दोन गोष्टी आधीच करून ठेवाव्यात. टेलस्केलमध्ये प्रत्येक यंत्राच्या ओळखीची मुदत १८० दिवसांची धरलेली असते. ती संपली की घरचा संगणक मुकाट्याने जाळ्याबाहेर पडतो आणि तिथे पुन्हा प्रवेश करायला कोणी तरी समोर बसावे लागते. आपल्या खात्याच्या पानावर त्या यंत्रापुरती ही मुदत बंद करता येते. दुसरी गोष्ट विजेची. वीज जाऊन आल्यावर डेस्कटॉप आपोआप सुरू व्हावा यासाठी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ कार्यक्रमात) पर्याय असतो. त्याचे नाव मदरबोर्डनुसार बदलते, पण वीज गेल्यानंतरच्या स्थितीविषयी असलेला तो पर्याय 'पॉवर ऑन' करावा. मात्र संगणक सुरू झाला तरी कोणी प्रवेश केलेला नसतो, आणि विंडोजवर टेलस्केल एरवी प्रवेश केलेल्या माणसाबरोबरच चालू राहते. म्हणून त्याच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'रन अनअटेंडेड' हा पर्याय निवडून ठेवावा. हा एक पर्याय राहून गेल्याने सणासुदीला गावी येईपर्यंत संगणक हाती न लागलेले वाचक मला भेटले आहेत.

आता वडिलांच्या मदतीचे. त्यासाठी रिमोट डेस्कटॉप वापरूच नये. आपण जोडले जाताच कोल्हापूरच्या स्क्रीनवर कुलूप पडते आणि वडिलांना काहीच दिसत नाही. 'हे बटण दाबा' असे दाखवून शिकवायचे असेल, तर दोघांना एकच स्क्रीन दिसायला हवी. विंडोजमधील 'क्विक असिस्ट' त्यासाठीच आहे. वडिलांनी कंट्रोल, विंडोज आणि क्यू या कळा एकत्र दाबाव्यात, आपण इकडे आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करून एक कोड मिळवावा आणि तो त्यांना फोनवर सांगावा. वडिलांना खाते लागत नाही. एक अडचण मात्र आधी सांगून ठेवावी : विंडोज परवानगी विचारते तेव्हा आपल्याकडची स्क्रीन काळी होते. काही बिघडलेले नसते, तेवढे 'येस' वडिलांनी स्वतः दाबायचे असते. फोन चालू ठेवून हे काम करावे, म्हणजे त्या काळ्या क्षणी दोन्हीकडे घबराट होत नाही.

प्रश्न : बँकेतून बोलतो असे सांगून एकाने माझ्या आईला फोनवर असेच, आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारे, एक ॲप घ्यायला लावले आणि नऊ आकडी क्रमांक विचारला. तिने दिला नाही. हे ॲप्सच धोकादायक असतात का? (डोंबिवली)

उत्तर : आपल्या आईने दाखवलेली सावधगिरी मोलाची आहे. ॲप स्वतः दोषी नसते. आपल्या माणसाला मदत करण्यासाठी आम्ही जे वापरतो, तेच भामटेही वापरतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'एनीडेस्क' या ॲपचा उल्लेख करून अशा फसवणुकीविषयी बँकांना सावध केले होते. घरातील ज्येष्ठांना एकच नियम सांगून ठेवावा : ज्याने स्वतःहून फोन केला, त्याला स्क्रीन दाखवायची नाही, मग तो कोणाचेही नाव सांगो. आपण फोन करून मदत मागितली असेल तरच, आणि ओळखीच्या माणसालाच, कोड द्यायचा. क्रमांक दिला गेलाच, तर त्या क्षणी इंटरनेट बंद करावे, बँकेला कळवून व्यवहार थांबवावेत आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. त्यानंतर ॲप काढून टाकावे आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत.

प्रश्न : मी अनुवादाचे काम करते. घरच्या डेस्कटॉपशी लॅपटॉपवरून जोडले की मराठी टंकन बिघडते. कधी इंग्रजी अक्षरे उमटतात, कधी भलतीच मराठी. डेस्कटॉपवर न निवडलेला कीबोर्डही यादीत दिसतो. (मडगाव)

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतो आणि त्याचे उत्तर मराठीत क्वचितच लिहिले जाते.

जोडणी होते तेव्हा लॅपटॉपवर त्या वेळी जो कीबोर्ड चालू असतो, त्याची माहिती यजमानाला दिली जाते आणि तेवढ्या बैठकीपुरता तोही तिथल्या यादीत येऊन बसतो. आपल्याला दिसणारा आगंतुक कीबोर्ड हाच. मग लॅपटॉपवर मराठी, डेस्कटॉपवरही मराठी, आणि एकाच कळीचा अर्थ लावायला दोघे बसलेले, अशी स्थिती होते. उपाय असा की जोडण्यापूर्वी लॅपटॉपचा कीबोर्ड साधा इंग्रजी ठेवावा आणि मराठीचे काम पूर्णपणे यजमानाकडे सोपवावे. जोडणी झाल्यावर भाषा तिथेच बदलावी.

ती बदलताना पुढचा अडथळा येतो. विंडोज आणि स्पेस या कळा दाबल्या की भाषा लॅपटॉपची बदलते, यजमानाची नाही, कारण अशा जोडकळा रिमोट डेस्कटॉप सहसा पूर्ण स्क्रीनवर असतानाच पलीकडे पाठवतो. खिडकी लहान करून काम करणाऱ्यांची भाषा 'आपोआप' बदलते ती यामुळे. जोडण्यापूर्वी 'शो ऑप्शन्स' दाबून 'लोकल रिसोर्सेस' या पानावर जावे आणि कीबोर्डच्या चौकटीत 'ऑन द रिमोट कॉम्प्युटर' निवडावे.

फाँटची चिंता करू नये. अक्षरे यजमानावर काढली जातात, त्यामुळे फाँट तिथे असला म्हणजे पुरे. फक्त युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमधला मजकूर तिथून कॉपी करून लॅपटॉपवर चिकटवला, तर तो फाँट लॅपटॉपवर नसल्यास निरर्थक चिन्हे दिसतील. फायलीला काही झालेले नसते.

सगळे जुळले की नाही हे पाहण्यासाठी यजमानावर नोटपॅड उघडून इनस्क्रिप्ट या मराठी कळरचनेत 'वऱ्हाड' हा शब्द टंकून पाहावा. त्यातला ऱ शिफ्ट धरून जे दाबल्याने येतो, त्यानंतर पाय मोडण्यासाठी डी आणि मग ह साठी यू. शिफ्ट पलीकडे नीट पोहोचत असेल तर 'वऱ्हाड' उमटेल. ह च्या डोक्यावर रफार दिसला, तर जोडणी तोडून लॅपटॉपचा कीबोर्ड इंग्रजीवर आहे का ते पाहावे आणि पुन्हा जोडावे.